बेगड चिकटवू, पण काम बेगडी नको

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या आपल्या महिला बचत गटांच्या वतीने आम्ही आज तुमच्याशी बोलणार आहोत. हातातलं काम थांबवू नका. ज्वारी पाखडत असाल, भाजी निवडत असाल, तर ते करता करता ऐका. आजचा विषयही हाताच्या कामाचाच आहे.

अलीकडे गटांच्या बैठकीत एक मागणी वारंवार येते. "ताई, ती कागदाची फुलं डब्यावर चिकटवून चकचकीत करतात ना, ते आम्हाला शिकवा." मोबाइलवर बायांनी ते पाहिलेलं असतं. साधा लाकडी ट्रे असतो आणि त्यावर फुलाचं चित्र असं बसलेलं असतं, की कुणी हाताने रंगवलंय असं वाटावं. बाजारात या कामाला 'डेकूपाज' म्हणतात. शब्द फ्रेंच भाषेतला आहे आणि तो कातरण्यावरून आला आहे. चित्र कातरायचं, वस्तूवर चिकटवायचं आणि वरून वार्निशचे इतके हात द्यायचे, की बोट फिरवलं तर कागदाची कड बोटाला लागू नये. आम्ही गटात याला सरळ 'कातर-वार्निश' म्हणतो. आजही तेच नाव वापरू.

नाव परकं असलं तरी हे काम आपल्या हाताला अगदी नवं नाही. पोळा आठवा. पोळ्याला बैलाची शिंगं आधी साळून गुळगुळीत करतात. मग त्यांना हिंगूळ लावतात आणि हिंगूळ ओला आहे तोवर त्यावर रंगीत बेगड चिकटवतात. आधी पाया घासायचा, मग चिकटा लावायचा, मग कातरलेला रंगीत तुकडा दाबून बसवायचा. कातर-वार्निशचीही हीच रीत आहे. लग्नातलं बाशिंग घ्या. त्यातही बेगड आणि कागद कातरून लावलेला असतो. मोहरमच्या ताबुतांवरचं कागदकाम घ्या. बांबूच्या सांगाड्यावर रंगीत कागदाची केवढी नाजूक जाळी असते! म्हणजे आपल्या गावातले हिंदू, मुसलमान, सगळेच कातर आणि खळ वापरत आले आहेत.

पण याच बेगडावरून आपल्या भाषेत एक वाईट शब्दही आला आहे. तो म्हणजे 'बेगडी'. वरून चकाकी आणि आत काही नाही, असं जे असतं ते बेगडी. बेगडी माणूस, बेगडी प्रेम असं आपण म्हणतो. आज आम्हाला जे सांगायचं आहे ते याच शब्दाशी जोडलेलं आहे. कातर-वार्निश हे चांगलं काम आहे. भांडवल थोडं लागतं, जागा थोडी लागते, घरात बसून करता येतं. पण ते बेगडी होण्याच्या चार जागा आहेत. वस्तू निवडताना, वार्निशचा हात देताना, चित्र घेताना आणि किंमत सांगताना. या चार जागा सांभाळल्या तर या कामातून चार पैसे मिळतील आणि नावही राहील. नाही सांभाळल्या तर गटाचे पैसेही जातील आणि गिऱ्हाईकही जाईल.

आधी थोडा इतिहास सांगतो, कारण तो आपल्या कामाचा आहे. सुमारे तीनशे वर्षांपूर्वी युरोपात चीन आणि जपानच्या लाखकामाच्या पेट्या, कपाटं यांची मोठी हौस होती. माल महाग, मिळायला अवघड. तेव्हा इटलीतल्या व्हेनिस शहरातल्या कारागिरांनी युक्ती काढली. छापील चित्रं कातरायची, रंगवायची, लाकडावर चिकटवायची आणि वर वार्निशचे पुष्कळ हात द्यायचे. दिसायला लाखकामासारखं दिसे. लोक त्याला 'लाक्का पोवेरा' म्हणू लागले. त्याचा अर्थ गरिबाची लाख. सुरुवात नकलेची होती, पण काम इतकं नेटकं होतं की आज त्या वस्तू मोठमोठ्या संग्रहालयांत जपून ठेवल्या आहेत. साधन स्वस्त होतं, पण हात स्वस्त नव्हता.

आपल्या महाराष्ट्रातही याचं एक भावंड आहे. कोकणातल्या सावंतवाडीचा गंजिफा. हे खेळायचे गोल पत्ते असतात. दशावतारी गंजिफ्यात १२० पत्ते असतात. जुन्या पद्धतीत चिंचोक्याच्या खळीने कापडाचे थर एकावर एक चिकटवत, वर खडूचा लेप देत, तो घोटून गुळगुळीत करत, मग चित्र काढत आणि शेवटी लाखेचा हात देत. इथे चित्र कातरलेलं नसतं, हाताने काढलेलं असतं. पण पाया तयार करणं, घोटणं आणि वर पारदर्शक थर देऊन चित्र जपणं ही रीत तीच आहे. ही कला बुडायला आली होती. सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि राजमाता सत्त्वशीलादेवी भोसले यांनी जाणत्या वृद्ध कारागिराकडून ती शिकून घेतली आणि राजवाड्यातच कारागीर बसवून ती पुन्हा उभी केली. चिंचोका तर आपल्या दारातला आहे. निलंगा तालुक्यातल्या पानचिंचोलीच्या चिंचेला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. त्याच चिंचेचा चिंचोका भाजून, दळून, शिजवून खळ होते. आज आपण फेव्हिकॉल वापरतो, कारण खळीला झुरळं आणि कसर लवकर लागते. पण आपल्या आज्या-पणज्यांना हे चिकटवायचं शास्त्र माहीत होतं, हे विसरू नका.

आता पहिली जागा, वस्तू. कातर-वार्निश कशावर करायचं? लाकडी ट्रे, लाकडी पेटी, पाट, पत्र्याचा डबा, काचेची बाटली, मातीचं मडकं, पुठ्ठ्याचा खोका, यातलं काहीही चालतं. घरातली जुनी वस्तू घेतली तर खर्च वाचतो. पण जुनी म्हणजे कोणतीही नाही. इथे आम्ही जरा कडक बोलणार आहोत. फवारणीच्या औषधाचा डबा, बाटली किंवा कॅन या कामाला कधीही घ्यायचा नाही. कितीही धुतला तरी नाही. आपल्याकडे कापूस आणि सोयाबीनच्या शेतात असे रिकामे डबे पडलेले असतात. झाकण घट्ट असतं, डबा मजबूत असतो, मन मोहात पडतं. पण विष पाण्याने धुऊन पूर्ण जात नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपण सगळ्यांनी ऐकलं आहे. १९७१ च्या कीटकनाशक नियमांतही असे रिकामे डबे फोडून वस्तीपासून दूर पुरावेत, असं सांगितलं आहे. त्यावर लेबल असतं तोवर निदान धोक्याचं चिन्ह दिसतं. आपण त्यावर गुलाब चिकटवला की ती खूणही झाकली जाते. मग कुणाच्या तरी घरात त्यात साखर भरली जाईल, लेकराच्या हातात तो डबा जाईल. यापेक्षा बेगडी काम दुसरं नाही.

दुसरं, खाण्याच्या भांड्याला आतून चित्र किंवा वार्निश लावायचं नाही. पेल्याच्या काठालाही नाही. मसाल्याच्या डब्याला बाहेरून लावा, आतून डबा जसा आहे तसाच राहू द्या. ट्रेमध्ये कप ठेवला तर हरकत नाही, पण भाजी कापायला किंवा कापलेली फळं नुसती मांडायला तो ट्रे नाही, हे गिऱ्हाइकाला सांगा.

तिसरं, पणती. दिवाळीत कागद चिकटवलेल्या पणत्या छान दिसतात आणि विकल्याही जातात. पण कागदही पेटतो आणि वार्निशही पेटतं. ज्यात तेल-वात लावायची त्या पणतीवर कातर-वार्निश नको. पणतीला रंग द्या, खडे लावा. कागदाचं काम पणत्यांच्या खोक्यावर करा. खोकाही सुंदर दिसेल आणि कुणाचं घरही जळणार नाही.

आता दुसरी जागा, काम कसं करायचं. हे सावकाश ऐका, जमलं तर वहीत लिहून घ्या.

वस्तू आधी स्वच्छ धुवा आणि पूर्ण वाळवा. पत्र्यावर गंज असेल तर काचकागदाने घासून काढा आणि लोखंडाला लावतात तो प्राइमर लावा. गंजावर चित्र चिकटवलं तर दोन महिन्यांत फोड येतात. लाकूड असेल तर ते काचकागदाने घासा, धूळ ओल्या फडक्याने पुसा आणि लाकडाचा प्राइमर द्या. मग फिक्या रंगाचे दोन हात द्या. पांढरा किंवा बदामी रंग बरा, कारण पातळ कागदातून खालचा गडद रंग वर दिसतो.

मग चित्र. कातरण्याआधी चित्रावर पातळ फेव्हिकॉलचा एक हात देऊन वाळू द्या. कागद थोडा टणक होतो आणि रंग पसरत नाही. एका कोपऱ्यावर ओलं बोट फिरवून पाहा. रंग बोटाला आला तर ते चित्र घेऊ नका. शाईच्या प्रिंटरवर काढलेली चित्रं बहुतेक पसरतात. झेरॉक्स पसरत नाही. लग्नपत्रिकेचा कागद जाड असतो. तो मागून थोडा ओला करून, बोटाने चोळून मागचा थर काढून टाका. कागद जितका पातळ, तितके वार्निशचे हात कमी लागतात.

कातरताना लहान, टोकदार कातर घ्या. आधी चित्राच्या आतल्या जागा कापा, मग बाहेरची कड. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, कातर फिरवायची नाही, कागद फिरवायचा. कातर हातात स्थिर ठेवा आणि दुसऱ्या हाताने कागद वळवत न्या. कड गोल आणि साफ येते.

चिकटवायला तीन भाग फेव्हिकॉल आणि एक भाग पाणी. वस्तूलाही लावा आणि चित्राच्या मागेही लावा. चित्र ठेवलं की मधून कडेकडे ओल्या फडक्याने दाबत जा, म्हणजे हवा बाहेर निघते. फुगा राहिला तर सुईने टोचून दाबा. मग रात्रभर वाळू द्या. इथे घाई झाली तर ओल आत अडकते आणि पुढे चित्र काळं पडतं.

आता वार्निश. वार्निश दोन प्रकारचं मिळतं. पाण्याचं आणि तेलाचं. पाण्याचं लवकर वाळतं, वास कमी येतो, पिवळं पडत नाही. तेलाचं मजबूत असतं, पण कालांतराने पिवळसर होतं आणि त्याला टर्पेंटाइन लागतं. नव्याने शिकणाऱ्या बायांनी पाण्याचं घ्यावं. चपडा लाखेचं पॉलिश ट्रेला नको, कारण गरम कप ठेवला किंवा पाणी सांडलं की त्यावर पांढरे डाग पडतात.

वार्निशचा हात पातळ द्यायचा. एक हात उभा, तो वाळला की दुसरा आडवा. तीन हात झाले की अगदी बारीक, ४०० नंबरच्या काचकागदाने हलकेच घासायचं, पुसायचं आणि पुन्हा हात द्यायचे. जुने कारागीर वीस-तीस हात देत. आपल्याला सात-आठ पुरतात. एकदम जाड हात दिला तर वरून वाळल्यासारखा दिसतो, आत ओला राहतो आणि नंतर सुरकुत्या पडतात.

आपल्या हवेचाही विचार करा. एप्रिल-मेमध्ये दुपारी वावटळ उठते, वार्निशवर धूळ बसते. तेव्हा सकाळी लवकर हात द्या आणि वर परात उपडी घाला. उन्हात वाळवू नका, बुडबुडे येतात. पावसाळ्यात वाळायला दुप्पट वेळ धरा. श्रावणातल्या ऑर्डरचं काम श्रावणात सुरू करू नका.

जिवाची काळजीही सांगून ठेवतो. टर्पेंटाइन आणि थिनर पेट घेतात. चुलीजवळ, गॅसजवळ, देवाच्या दिव्याजवळ हे काम नको. दारं-खिडक्या उघड्या ठेवा. तेलाच्या वार्निशची फडकी चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेटू शकतात. पसरून वाळवा. गरोदर बायांनी आणि दमा असलेल्या बायांनी तेलाच्या वार्निशपासून लांब राहावं. त्यांनी कातरकाम करावं.

एक गोष्ट प्रत्येक प्रशिक्षणात आम्ही सांगतो. वार्निश चूक झाकत नाही, ते चूक कायमची करतं. तिरपं बसलेलं चित्र, आतला केस, राहिलेला फुगा, सगळं काचेखाली ठेवल्यासारखं वर्षानुवर्षं दिसत राहतं. म्हणून पहिला हात देण्याआधी वस्तू उजेडात धरून शेजारणीला दाखवा. आपल्या डोळ्याला न दिसलेलं तिला दिसतं.

आता तिसरी जागा, चित्र. चित्र कुठून आणायचं आणि कुठे लावायचं?

सव्वाशे वर्षांपूर्वी घराघरात देवाची छापील चित्रं नव्हती. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईजवळ घाटकोपरला शिळाछाप छापखाना सुरू केला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. लक्ष्मी, सरस्वती यांची रंगीत चित्रं स्वस्तात निघाली आणि साध्या माणसाच्या भिंतीवर पोचली. पुष्कळ घरांत बायांनी त्या चित्रांतल्या देवीला खऱ्या कापडाची साडी कातरून चिकटवली, जर लावली, टिकल्या लावल्या आणि मग काचेत बसवली. अशी सजवलेली चित्रं आजही जुन्या घरांत आणि संग्राहकांकडे सापडतात. म्हणजे छापील चित्राला आपल्या हाताचं करून घ्यायची हौस बायांना तेव्हापासून आहे.

आज प्रत्येक घरात लग्नपत्रिकांचा गठ्ठा असतो. वर गणपती असतो म्हणून टाकवत नाही आणि ठेवायला जागा नाही. आमच्या गटांत यावर चांगलीच चर्चा झाली. एक काकू म्हणाल्या, "देवाच्या चित्राला कातर लावायची का?" दुसऱ्या म्हणाल्या, "उकिरड्यावर जाण्यापेक्षा डब्यावर राहिलेला बरा." शेवटी सगळ्यांनी मिळून नियम केला. देवाचं चित्र फक्त वर राहणाऱ्या वस्तूवर लावायचं. हळदी-कुंकवाची पेटी, पोथीची पेटी, भिंतीवरची पाटी. पाट, ट्रे, पायाशी येणारी वस्तू यांवर नाही. महापुरुषांच्या चित्रांनाही हाच नियम. आणि उरलेल्या चिंध्या वेगळ्या पिशवीत जमा करायच्या, पायाखाली येऊ द्यायच्या नाहीत. आपल्या गटात बौद्ध बाया असतात, मुसलमान बाया असतात, लिंगायत बाया असतात. कुणाचं मन दुखेल असं काही करायचं नाही, हे ठरवायला अर्धा तास गेला. तो अर्धा तास वाया गेला नाही.

दुसऱ्याची चित्रं विकायच्या वस्तूवर छापून लावणं हा वेगळा प्रश्न आहे. कार्टूनमधली पात्रं मुलांना आवडतात, पण ती कुणाच्या तरी मालकीची असतात. आपल्या कायद्यात चित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चित्राचा हक्क राखलेला असतो. रविवर्मा १९०६ मध्ये वारले, त्यांची चित्रं आता मोकळी आहेत. टीव्हीवरच्या पात्रांचं तसं नाही.

मग आपलं काय? बाजारातल्या गुलाबाच्या छापील नॅपकिनवर मुंबईच्या, पुण्याच्या, सगळ्याच बाया काम करतात. तो ट्रे नांदेडचा आहे हे कशावरून ओळखायचं? आपल्याकडे गोधडीचे तुकडे आहेत, दारातली रांगोळी आहे, माहूर, किनवट, मुखेड भागातल्या तांड्यांवरच्या बंजारा भरतकामाची नक्षी आहे. रांगोळी कागदावर काढा, रंगीत कागदावर झेरॉक्स मारा आणि कातरा. एका झेरॉक्समधून चार वस्तू होतात. ही चित्रं दुकानात मिळत नाहीत. आणि तांड्यावरच्या एखाद्या याडीच्या फडकीवरची नक्षी घेतली, तर तिला विचारून घ्या, तिचं नाव चिठ्ठीवर लिहा आणि प्रत्येक वस्तूमागे तिचा वाटा ठरवा. जी नक्षी तिची, तिचे पैसेही तिचेच.

"आमचं वय झालं, आता काय शिकणार?" असं म्हणणाऱ्या मावश्यांसाठी एक गोष्ट. इंग्लंडमध्ये मेरी डिलेनी नावाची एक बाई होती. जन्म १७०० सालचा. दोनदा विधवा झाली. वयाच्या बहात्तराव्या वर्षाच्या सुमारास तिने रंगीत कागदाच्या बारीक कातरणांतून फुलं करायला घेतली. काळ्या कागदावर एकेक पाकळी, एकेक शीर चिकटवायची. नजर साथ देईनाशी होईपर्यंत दहा वर्षांत तिने जवळजवळ १००० फुलं केली. ती आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. तेव्हा मावशी, चष्मा पुसा आणि कातर घ्या.

आता शेवटची जागा, आणि सगळ्यात जास्त फसवणूक इथेच होते. हिशेब.

एका ट्रेचा हिशेब सांगतो. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमच्या गावचे भाव तुम्ही घाला. कोरा लाकडी ट्रे ९० रुपये. प्राइमर आणि रंग १५. कागद, झेरॉक्स १०. फेव्हिकॉल ५. वार्निश २५. खोका आणि कागद १०. झाले १५५ रुपये. ब्रश, कातर यांची झीज आणि बाजाराला जायचं भाडं मिळून वाटणीला २० धरा. झाले १७५. बहुतेक बाया इथेच थांबतात आणि म्हणतात, "ताई, २०० ला विकला, २५ रुपये फायदा झाला."

फायदा कुठला? तुमचे हात मोजले का? घासणं आणि रंग ४० मिनिटं. कातरणं सव्वा तास. चिकटवणं ३५ मिनिटं. वार्निशचे हात आणि मधलं घासणं एक तास. एकूण साडेतीन तास. वाळायचा वेळ आम्ही धरलाच नाही. गावात दिवसाची मजुरी ३२० रुपये आहे असं समजा, आठ तासांची. म्हणजे तासाला ४०. साडेतीन तासांचे १४० रुपये. १७५ आणि १४० मिळून ३१५. त्यावर गटाचा दहा टक्के वाटा धरला तर किंमत होते ३५० च्या आसपास. तोच ट्रे २०० ला दिला तर साडेतीन तासांचे २५ रुपये मिळाले. तासाला सात रुपये! खुरपायला गेलो असतो तर याच्या कितीतरी पट मिळाले असते. 'घरी बसूनच तर करते' या एका वाक्याने बाईचं काम फुकट होतं. नवरा म्हणो, दुकानदार म्हणो, आपण स्वतः म्हणो, ते वाक्य चुकीचं आहे.

मग ३५० ला कोण घेईल? दोन उपाय आहेत. पहिला, एक एक ट्रे करू नका. दहा ट्रे एकत्र घ्या. एकीने घासायचे, एकीने कातरायचं, एकीने वार्निश द्यायचं. वाळेपर्यंत हात रिकामे राहत नाहीत. साडेतीन तासांचं काम अडीच तासांवर आलं तर मजुरी ४० रुपयांनी कमी होते आणि किंमत ३०० वर येते. दुसरा उपाय, बाजार बघून वस्तू करा. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने महाराष्ट्रात सजावटीच्या थर्माकोलवरही बंदी आली. गौरी-गणपतीला, आपल्या महालक्ष्म्यांना, पुठ्ठ्याची आणि कागदाची मखरं, कमानी लागतात. त्या घडीच्या करा, वार्निश द्या, म्हणजे दरवर्षी वापरता येतील. संक्रांतीला वाण म्हणून लहान डब्या जातात. रुखवतात पेट्या जातात. माळेगावच्या यात्रेत, तालुक्याच्या प्रदर्शनात, 'उमेद'च्या मुंबईतल्या महालक्ष्मी सरसमध्ये जे गट जातात, त्यांच्याकडून आधी विचारून घ्या की कोणत्या किमतीची वस्तू हातोहात जाते.

आणि एका गोष्टीपासून सावध राहा. काही लोक गावात येतात. म्हणतात, "इतकी रक्कम डिपॉझिट भरा, आमचं किट घ्या, तयार माल आम्हीच विकत घेऊ." बाया गटातून कर्ज काढून भरतात. मग माल नेला की 'फिनिशिंग बरोबर नाही' म्हणून परत करतात आणि डिपॉझिट अडकतं. लेखी करार नसेल, माल कोणत्या कारणाने नाकारला जाईल हे त्यात लिहिलेलं नसेल, तर एक रुपयाही देऊ नका. कातर, ब्रश, फेव्हिकॉल, वार्निशचा लहान डबा हे सगळं लातूरच्या गंजगोलाईत, नांदेडच्या वजिराबादला सुटं मिळतं. यासाठी कर्ज लागत नाही. पाच बायांनी वर्गणी काढली तरी पहिल्या पाच वस्तू होतात. त्या विकल्या, पैसे हातात आले, मगच पुढच्या वीस करा. गटाची बचत ही कुणाच्या तरी औषधाला, कुणाच्या बियाण्याला, कुणाच्या लेकीच्या फीला ठेवलेली असते. ती ट्रेमध्ये अडकवून ठेवायची नाही.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीला प्रत्येकीने एक रिकामा, स्वच्छ डबा आणि घरातल्या दोन लग्नपत्रिका घेऊन या. डबा खायच्या वस्तूचा असावा, औषधाचा नाही. आणि एक वही आणा. वहीत पहिल्या पानावर सामानाचा खर्च लिहायचा आणि दुसऱ्या पानावर, सामानाइतक्याच मोठ्या अक्षरात, आपले तास लिहायचे. डबा विकायचा की घरात ठेवायचा हे नंतर ठरवू, पण तासांचं पान कोरं ठेवू नका.